सातवी तार

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी माणसं गुडघ्याला पट्टा घेतात, मी सात तारांची इलेक्ट्रिक गिटार घेतली. घरात पहिला प्रश्न धाकट्या मुलीनं विचारला, “अब्बा, सहा तारा तरी नीट वाजतात का तुम्हांला?” प्रश्न रास्त होता. कॉलेज संपल्यावर सात-आठ वर्षं मी ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम गिटार वाजवली, पुढं नोकरी लागली, कविता सुरू राहिली आणि गिटार कपाटावर गेली. ती तिथंच राहिली असती. पण मोठ्या मुलाच्या मोबाइलवर एकदा काहीतरी ऐकलं. गिटारच होती, पण तिच्या तळातून असा घुमारा येत होता की खिडकीची काच थरथरल्याचा भास झाला. मुलगा म्हणाला, “सात तारांची आहे.” त्या दिवसापासून मनात घर केलं.

गिटार इंडोनेशियात बनलेली, काळी, वजनाला बरीच. किंमत सांगत नाही. एवढंच सांगतो, की तेवढ्या पैशांत आमच्या मिरजेत बरी सतार मिळाली असती, आणि हे मला सतारमेकर गल्लीतल्या एकापेक्षा जास्त लोकांनी ऐकवलं.

ज्यांना या वाद्याचा सराव नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नेहमीच्या गिटारीला सहा तारा. जाड तारेकडून बारीक तारेकडे गेलं तर ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा वरचा ई. जाड ई सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. सात तारांच्या गिटारीत तिच्याही खाली आणखी जाड तार येते, ती बहुधा बी या स्वरात लावतात, म्हणजे सुमारे ६२ कंपनं. आठ तारांच्या गिटारीत त्याहून खाली एफ शार्प, ४६ कंपनं. बेस गिटारची सगळ्यांत जाड तार असते ४१च्या आसपास. म्हणजे गिटार एकेक पायरी उतरत बेसच्या दारात जाऊन उभी राहिली आहे. हे ‘दारात उभं राहणं’ लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

पहिले पंधरा दिवस मी रोज हरलो. इतक्या वर्षांची सवय अशी, की अंगठा सगळ्यांत जाड तारेवर गेला की ती ई. आता तिथं भलतीच तार. बोटं बरोबर जागी जायची, पण एका तारेनं चुकून. सहा तारांच्या गिटारीची मान वरच्या टोकाला ४२-४३ मिलिमीटर रुंद असते, हिची ४८. पाच-सहा मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटतं. करंगळीला विचारा. आणि सगळ्यांत मोठा त्रास म्हणजे ही जाड तार न छेडताही वाजते. बाकीच्या तारा वाजल्या की ती आपली आपण गुणगुणू लागते. सतारीत यासाठीच मुद्दाम तरफा लावतात, तिथं ते वैभव. इथं ॲम्प्लिफायरचा आवाज चढवला की तोच गुण गोंगाट होतो. त्यामुळं वाजवण्याइतकंच न वाजू देण्याचं काम करावं लागतं. तळहाताची कड सतत तारेवर.

हे चालू असताना मी वाचायला लागलो. मी बी.ए. झालो तो इतिहास घेऊन, त्यामुळं वस्तू हातात आली की ती कुठून आली हे विचारायची खोड आहे. आणि वाचता वाचता पहिली समजूत मोडली ती ही, की गिटारीला सहा तारा हे काही आभाळातून आलेलं नाही. सोळाव्या शतकात युरोपात गिटारीला चार जोड्या असत, पुढं पाच जोड्या झाल्या आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा सुट्या तारा आल्या. म्हणजे आपण जिला ‘नेहमीची’ म्हणतो ती सव्वादोनशे वर्षांची. खाली उतरायची भूक मात्र त्याहून जुनी. इटलीत सोळाव्या शतकाच्या शेवटी गायकाला साथ करण्यासाठी ल्यूट या वाद्याला एक लांबलचक जादा मान जोडली आणि तिच्यावर खर्जाच्या तारा ओढल्या. त्याचं नाव थिऑर्बो. चित्रांत पाहिलं तर वाटतं, वादकानं ल्यूटला बांबू बांधला आहे.

मान लांब का करावी लागली, याचं उत्तर मारँ मेरसेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६३६ साली छापून आणलेल्या ग्रंथात नियम म्हणून मिळतं. तार एक सप्तक खाली न्यायची असेल तर तीन वाटा. लांबी दुप्पट करा, किंवा ताण एक चतुर्थांशावर आणा, किंवा तारेचं वजन चौपट करा. ताण उतरवला तर तार सुतळीसारखी लोंबते. जाडी वाढवली तर ती गजासारखी ताठ होते आणि तिचा सूर मळतो. म्हणून लांबी. पुढं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळायची युक्ती आली आणि जाड तारही लवचीक राहू लागली. आज माझ्या गिटारीची सातवी तार तशीच आहे, पोलादी गाभ्यावर दुसरी तार वळलेली. आणि आठ तारांच्या गिटारी नेहमीच्या साडेपंचवीस इंचांऐवजी बहुधा सत्तावीस इंच लांबीच्या तारेवर बांधतात, ती मेरसेनचीच पहिली वाट. कॅलिफोर्नियातल्या राल्फ नोवाक या कारागिरानं तर पडदेच पंख्यासारखे तिरपे बसवले, म्हणजे जाड तार लांब आणि बारीक तार आखूड. त्याचं पेटंट त्याला १९८९ साली मिळालं.

रशियात मात्र सात तारा ही नवलाई नव्हतीच. एकोणिसाव्या शतकात तिथं गिटार म्हणजे सात तारांचीच. आंद्रेई सिख्रा या वादकानं तिच्यासाठी शेकड्यांनी रचना केल्या, शिष्य घडवले. तिची लावणी अशी, की काहीही न दाबता सगळ्या तारांवरून हात फिरवला तरी जी मेजरचा भरलेला कॉर्ड वाजतो. १९२६ साली स्पॅनिश वादक सेगोव्हिया सोव्हिएत रशियात वाजवून गेला, पुढंही येत राहिला, आणि मैफलीतून सात तारा हळूहळू मागं सरल्या. त्या कुठं उरल्या? कवींच्या हातात. बुलात ओकुद्झावा आणि व्लादिमिर व्हिसोत्स्की हे दोघंही आपल्या कविता सात तारांच्या गिटारीवर गात. छापायला जागा मिळत नसे तेव्हा ती गाणी लोक टेपवरून टेपवर उतरवून घेत आणि देशभर पोचवत. व्हिसोत्स्की १९८० साली गेला, ओकुद्झावा १९९७ साली. ओकुद्झावाचे वडील जॉर्जियन, आई अर्मेनियन. वडिलांना १९३७ साली गोळी घातली, आईला छावणीत धाडलं, आणि यानं लिहिलं रशियनमध्ये. ‘घरी तुम्ही कोणती भाषा बोलता हो?’ असं मला मराठी कवितावाचनानंतर लोक अजून विचारतात. त्याला विचारत असतील का, असं एकदा मनात आलं.

या रशियन गिटारीचा आणि माझ्या गिटारीचा थेट नातेसंबंध नाही, हे सांगायला हवं. माझी निघते ती अमेरिकेतल्या जॉर्ज व्हॅन एप्सकडून. जन्म १९१३, न्यू जर्सीतला. वडील बँजोचे नामांकित वादक. हा बेनी गुडमनसारख्यांच्या बँडमध्ये वाजवत असे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यानं एपिफोन कंपनीकडून सात तारांची गिटार बनवून घेतली आणि सातवी तार लावली ती ए या स्वरात, सेकंदाला ५५ कंपनं. त्याला हवं काय होतं? पियानोवाल्याचा डावा हात. पियानोवाला एकटा बसतो, डाव्या हातानं खर्ज, उजव्यानं गाणं. आपल्या पद्धतीला तो मांडीवरचा पियानो म्हणे. १९६८ मध्ये ग्रेच कंपनीनं त्याच्या नावाची सात तारांची गिटार बाजारात आणली. १९९८ साली तो गेला, तोपर्यंत ती तार त्यानं सोडली नाही. त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर कुठंही दणका नाही. मधले स्वर एकेक करून सरकत राहतात, जणू चार माणसं हलक्या आवाजात बोलत चालली आहेत. आणि तो मात्र एकटा.

एकटा. या शब्दापाशी मी अडलो, कारण मला आमचे मामा आठवले.

मामा आमच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत. सगळेच त्यांना मामा म्हणत. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, दिवसा सायकलच्या दुकानात, रात्री स्टेजवर मागं ड्रमच्या शेजारी. मी कविता करतो म्हणून मला ते ‘शायर’ म्हणत. गणपती, नवरात्र, उरूस, लग्नाच्या वराती असा आमचा हंगाम. लोकांना गायक दिसायचा, अकॉर्डियनवाला दिसायचा, माझी लाल गिटारसुद्धा दिसायची, मामा कुणालाच दिसत नसत. पण ते एखाद्या दिवशी आजारी पडले, की गाणं पाय नसल्यासारखं चालायचं आणि लोकांना कळायचं नाही काय कमी आहे.

१९९३च्या सुमाराला आमच्याकडे नवा कीबोर्ड आला. त्याच्या पट्ट्या दोन भागांत वाटता येत. उजव्या हातानं बासरी, डाव्या हातानं बेस. पहिल्या तालमीलाच सगळ्यांना कळलं होतं. नवरात्रापूर्वी चालकांनी आम्हांला चहाला बोलावलं, मामांना नाही. म्हणाले, गाडीत एक जागा वाचेल आणि प्रत्येकाच्या पाकिटात थोडे जास्त पडतील. कुणी काही बोललं नाही. मी सर्वांत जास्त बोलणारा, त्या काळात माझ्या कवितेत माणुसकी, न्याय वगैरे शब्द भरपूर असत, मीही चहा संपवला. त्या नवरात्रात नऊ रात्रींचं पाकीट खरंच थोडं जाड होतं. मी त्यातून पुस्तकं घेतली.

मामांनी बेस विकून टाकला.

आता व्हॅन एप्सपासून पुढचा इतिहास मी वाचत होतो तो या चष्म्यातून, हे कबूल करतो. इबानेझ या जपानी कंपनीनं १९९० साली स्टीव्ह व्हाय याच्यासाठी युनिव्हर्स नावाची सात तारांची गिटार काढली. कारखान्यात तयार होऊन दुकानात मिळणारी सात तारांची इलेक्ट्रिक गिटार खऱ्या अर्थानं पसरली ती इथून. व्हाय हा वेगाचा बादशहा, त्याला तार हवी होती ती धावायला मैदान वाढवून. पण १९९४ साली कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या कॉर्न या बँडची पहिली तबकडी आली आणि सातव्या तारेचा अर्थच बदलला. त्यांनी सगळी गिटार एक स्वर उतरवली, म्हणजे सातवी तार बीवरून एवर. पंचावन्न कंपनं. व्हॅन एप्सची तीच तार, तोच स्वर! एकानं तिच्यावर हॉटेलातल्या मैफली सजवल्या, दुसऱ्यांनी तिच्यातून शाळेत मार खाल्लेल्या पोराचा राग काढला. वाद्याला यातलं काही ठाऊक नसतं.

मला त्या बँडमध्ये कुतूहल वाटलं ते बेसवाल्याचं. दोन गिटारी एवढ्या खाली उतरल्यावर तो कुठं गेला असेल? ऐकल्यावर कळलं, त्यानं स्वर जवळपास सोडूनच दिला. तारा फटकावून टकटक असा आवाज काढत तो ड्रमच्या घरात राहायला गेला. जागा गेली तर माणूस दुसरी शोधतो, शोधता आली तर.

स्वीडनमधल्या उमिओ गावचा मेशुगा हा बँड त्याहून खाली गेला. २००२ सालची त्यांची ‘नथिंग’ ही तबकडी आठ तारांच्या गिटारीवर वाजवायची ठरली होती, पण नव्यानं बनवून घेतलेल्या त्या गिटारी सुरात राहीनात, म्हणून सात तारांच्याच ढिल्या करून वाजवल्या. २००६ साली गिटारी पुन्हा आठ तारांवर मुद्रित करून ती तबकडी परत काढली. त्यांची खालची तार एफ, म्हणजे ४४च्या आत. बेसच्या तारेपासून हाताच्या अंतरावर. २००७ मध्ये इबानेझनं आठ तारांची गिटार दुकानात आणली. आणि २००९ साली तोसिन अबासी या नायजेरियन आईबापांच्या अमेरिकन मुलाच्या ‘ॲनिमल्स ॲज लीडर्स’चं पहिलं ध्वनिमुद्रण आलं. तो जाड तारा अंगठ्यानं अशा मारतो की गिटार, बेस आणि डग्गा एकाच हातात. हा बँड स्टेजवर येतो तेव्हा दोन गिटारवाले आणि एक ड्रमवाला. बेसवाला नाहीच. त्याआधी चार्ली हंटर या जॅझवाल्यानं नोवाककडून तिरप्या पडद्यांची आठ तारांची गिटार घेतली होती, तीन तारा बेसच्या, पाच गिटारच्या, दोन्हींचे आवाज दोन वेगळ्या ॲम्प्लिफायरना. ऐकताना शपथेवर सांगावं, दोन माणसं आहेत. मी तोंडात बोट घातलं. आणि मग विचार आला, यातला दुसरा माणूस घरी काय करत असेल?

आपल्याकडे याच प्रश्नाचं वेगळं उत्तर दिसतं. सतारीला खर्ज हवा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरबहार आला, मोठा भोपळा, रुंद मान, जाड तारा, संथ आलापासाठी. पंडित रविशंकरांनी सतारीतच खर्जाच्या तारा ठेवल्या. उस्ताद विलायत खाँसाहेबांनी उलट केलं. खालच्या तारा काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी गंधार-पंचमाची सोय केली. खर्ज गेला कुठं? धाकटे भाऊ इमरत खाँ यांच्या सुरबहारात. दोघं भाऊ जुगलबंदीला बसत, एकाकडे सतार, एकाकडे सुरबहार. घरातच वाटणी. अन्नपूर्णादेवींना वडिलांनी, अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी, सुरबहार दिला. त्यांनी पुढं जाहीर मैफली सोडल्या आणि मुंबईत बंद दारामागं शिकवत राहिल्या, २०१८ साली जाईपर्यंत. म्हणजे आपल्याकडचा सगळ्यांत खोल खर्ज कित्येक वर्षं मुंबईच्या एका फ्लॅटमध्ये होता आणि तो ऐकायला तिकीट मिळत नव्हतं.

इलेक्ट्रिक वाद्यात तार वाढवण्याची उदाहरणंही आहेत. मुंबईच्या सिनेसंगीतातल्या व्हॅन शिप्ले यांची आठ तारांची गिटार, यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन. श्रीनिवासांनी चार जोड्या काढून पाच सुट्या तारा लावल्या, कर्नाटक रागाला खाली बसायला जागा हवी म्हणून. ब्राझीलमध्ये शोरो संगीतात तर सात तारांच्या गिटारीला स्वतःची मोठी परंपरा आहे. दिनो सेते कोर्दास हे तिथलं मोठं नाव. ‘सेते कोर्दास’ म्हणजे सात तारा, वाद्यच आडनाव झालेलं. तो एकटा वाजवत नाही. बासरी किंवा मँडोलिन वर गात असतं, सहा तारांची गिटार ताल धरते, आणि याची जाड तार खालून उत्तरं देत फिरते, टोमणे मारल्यासारखी. मी सगळ्यांत जास्त ऐकतो तो हाच माणूस.

आता माझ्या गिटारीचं. कॉर्नसारखी मीही सातवी तार एवर उतरवली. त्यासाठी अधिक जाड तार घेतली तर ती वरच्या टोकाच्या खाचेत बसेना, बसली तर अडकून राही आणि सूर उतरे. गिटार घेऊन मी सतारमेकर गल्लीत गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गिटार उलटीसुलटी केली, पिकअपकडे पाहिलं, मग जाड तार बोटानं ओढून सोडली. गिटार कशालाच जोडलेली नव्हती, तरी लाकडातून बारीक आवाज आला. “खर्ज हाय की,” म्हणाले. कानशीनं खाच मोठी करताना त्यांनी चार वेळा तार बसवून पाहिली. पैसे विचारले तर म्हणाले, “ह्याचं काय घ्यायचं, सतार आणा मग बघू.”

परत येताना वाटेत सायकलचं दुकान लागतं. म्हणजे आता तिथं मोबाइलचं आहे, पण मामांचं घर मागच्या बोळात तेच. आमची भेट तशी होत असते, ईदला, कुणाच्या मयताला, बाजारात. त्या नवरात्राबद्दल मात्र तीस वर्षांत एक शब्द निघालेला नव्हता. मी आत गेलो. मामा खाटेवर बसले होते, सत्तरीत आले, एका कानाला यंत्र. मामींनी चहा टाकला. मी लहानसा ॲम्प्लिफायर जोडला आणि व्हॅन एप्सच्या चालीवर बसवलेलं एक जुनं हिंदी गाणं वाजवलं. वरच्या तारांवर चाल, अंगठ्यानं सातव्या तारेवर खर्ज.

मामांनी सगळं ऐकलं. एक हात खाटेच्या लाकडावर ठेवला होता, कानानं कमी आणि हातानं जास्त ऐकत होते बहुतेक. झाल्यावर म्हणाले, “म्हणजे आता बेसवाला लागत नाही.”

मी म्हटलं, “मामा, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं.”

“बोलून काय झालं असतं? तुलापण काढला असता.” मग थोडं थांबून, “बोलला असतास तर बरं वाटलं असतं, ते वेगळं.”

मामी चहा घेऊन आल्या. आम्ही प्यायलो. कप खाली ठेवून मामांनी गिटार मागितली. मांडीवर घेतली, बाकीच्या सहा तारांवर तळहात आडवा टाकून त्या बंद केल्या आणि फक्त सातव्या तारेवर दोन बोटं चालवायला लागले. सुरुवातीला अडखळत, मग नाही. स्वर फार नव्हते, तीन-चारच. पण प्रत्येक स्वर कुठं थांबवायचा हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला पंधरा दिवस जे जमलं नव्हतं ते हेच होतं.

“तू तार वाजवून सोडून देतोस,” ते म्हणाले. “सोडायची नाही. ड्रमवाल्याच्या पायाकडं बघ. पाय उचलला की बोट उचल.”

“ड्रमवाला कुठाय मामा इथं?”

त्यांनी पाय खाटेवरून खाली सोडला आणि फरशीवर टाचेनं ठेका धरला.